न्यूमोनियाच्या जंतूंमागे तीस वर्षं लागलेल्या डॉक्टरने डीएनएचं काम दाखवून दिलं, नोबेल मात्र हुकलं

औषध कंपन्यांच्या लॅबमध्ये एक काम रोज चालतं. बाहेर त्याची कुणाला फारशी खबर नसते.

समजा एखाद्या कंपनीला दम्यावर नवीन गोळी शोधायची आहे. दम्यात आपल्या पेशींवरचा एखादा रिसेप्टर नको तेवढा चाळवला जातो. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या दारावरची कडी समजा. बाहेरून कुणी ती वाजवली की आत हालचाल सुरू होते. ही कडी अडवून धरणारं रसायन सापडलं की औषधाच्या दिशेने पहिलं पाऊल पडलं. कंपनीच्या कपाटात मात्र रसायनं असतात लाखो. त्यातलं कुठलं चालेल हे माणसांवर तर तपासता येत नाही.

मग काय करतात? माणसाच्या पेशी मोठ्या भांड्यांत, लिटरच्या हिशोबात वाढवतात. त्यांच्यात त्या रिसेप्टरचं जनुक असलेला डीएनए सोडतात. दोनेक दिवसांत कोट्यवधी पेशींच्या दारावर तीच कडी तयार होते. या पेशी छोट्या कुप्यांमध्ये भरून गोठवून ठेवायच्या. लागतील तशा बाहेर काढायच्या आणि 384 खळगे असलेल्या तळहाताएवढ्या प्लेटमध्ये वाटून टाकायच्या. प्रत्येक खळग्यात वेगळं रसायन. कडी वाजली की पेशी चमकेल अशी सोय आधीच केलेली असते. जिथे चमक विझली, तिथलं रसायन बाजूला काढायचं.

याला म्हणतात ट्रान्सफेक्शन. त्यातही आत घातलेलं जनुक इथे भाडेकरूसारखं असतं. पेशीच्या मूळ गुणसूत्रात ते शिरत नाही, चार-सहा दिवस काम करतं आणि मग हळूहळू नाहीसं होतं. म्हणून हे ट्रान्झियंट, म्हणजे तात्पुरतं. कायमचं जनुक बसवलेली पेशी तयार करायला महिने लागतात. इथे आठवड्याभरात काम होतं. शिवाय सगळ्या पेशी एकाच घाणीतून निघालेल्या असल्याने आजची चाचणी आणि तीन महिन्यांनंतरची चाचणी शेजारी ठेवून बघता येते.

हा सगळा कारभार एका साध्या गोष्टीवर उभा आहे. बाहेरून निव्वळ डीएनए आत घातला, की पेशी त्यात लिहिलेलं काम मुकाट्याने करते.

आज हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पण 1944 साली हे पहिल्यांदा पुराव्यासकट मांडलं गेलं तेव्हा भलेभले शास्त्रज्ञ मानायला तयार नव्हते. मांडणारा माणूस होता ओस्वाल्ड थिओडोर एव्हरी.

ओस्वाल्डचा जन्म 21 ऑक्टोबर 1877 चा, कॅनडातल्या हॅलिफॅक्स गावचा. आईवडील इंग्लंडमधून आलेले. वडील बॅप्टिस्ट चर्चमध्ये पाद्री. 1887 साली त्यांना न्यूयॉर्कच्या एका चर्चमध्ये बोलावणं आलं आणि सगळं कुटुंब तिकडे गेलं. चर्च होतं शहराच्या सगळ्यात गरीब, दाटीवाटीच्या वस्तीत. तिथे एका जर्मन वादकाकडून ओस्वाल्ड आणि त्याचा थोरला भाऊ अर्नेस्ट कॉर्नेट शिकले. कॉर्नेट म्हणजे बँडवाल्यांकडे असतं तसलं पितळी वाद्य. रविवारी ही दोन पोरं चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून वाजवायची आणि येणारेजाणारे आत वळायचे.

1892 साली घरावर आभाळ कोसळलं. एकाच वर्षात थोरला भाऊ गेला आणि वडीलही गेले. ओस्वाल्ड तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा. पाठी एक लहान भाऊ, रॉय. या रॉयला पुढे ओस्वाल्डनेच सांभाळलं आणि दोघांचं नातं शेवटपर्यंत बापलेकासारखं राहिलं.

गंमत म्हणजे या माणसाला विज्ञानाची काही खास ओढ नव्हती. कोलगेट विद्यापीठातून 1900 साली त्याने पदवी घेतली ती साहित्य-तत्त्वज्ञानाच्या वळणाची. नाव कमावलं ते वक्तृत्वात. सगळ्यांना वाटत होतं, पोरगं बापासारखं पाद्री होणार. तो गेला मेडिकलला. 1904 साली कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडला.

डॉक्टर एव्हरींनी काही वर्षं प्रॅक्टिस केली, पण मन रमलं नाही. फुप्फुसाचे जुनाट रोगी समोर यायचे आणि देण्यासारखं हातात काही नसायचं. धीर द्यायचा आणि पाठवून द्यायचं. शेवटी 1907 साली त्यांनी दवाखाना सोडला आणि ब्रुकलिनच्या होगलंड लॅबोरेटरीत जंतूंवर काम सुरू केलं. तिथे शिकवायचं कामही होतं. त्यामुळे विद्यार्थी त्यांना ‘प्रोफेसर’ म्हणू लागले. त्याचं पुढे लाडाने झालं ‘फेस’. मराठीत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. पण पुढच्या प्रयोगाने सगळ्यांच्या तोंडाला जो फेस आणला तो बघता हे टोपणनाव अगदीच वाया गेलं नाही.

1913 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या हॉस्पिटलमध्ये त्यांना बोलावून घेतलं गेलं. कामाचा विषय एकच, न्यूमोनिया.

तेव्हाचा न्यूमोनिया म्हणजे आजच्यासारखा अँटिबायोटिक्सचा कोर्स करून बरा होणारा आजार नव्हता. अमेरिकेत सगळ्यात जास्त माणसं मारणाऱ्या रोगांत त्याचा नंबर वर होता. त्याचा मुख्य जंतू म्हणजे न्यूमोकॉकस. या जंतूचे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. इलाज काय, तर घोड्याला जंतू टोचायचे, घोड्याचं रक्त काढायचं आणि त्यातलं सीरम रोग्याला द्यायचं. सीरम चुकीच्या प्रकाराचं दिलं तर उपयोग शून्य. (आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या नावातलं सीरम ते हेच. पूनावालांच्या घोड्यांपासूनच ती गोष्ट सुरू झाली होती.)

तर हे प्रकार वेगळे कशामुळे होतात? 1923 साली एव्हरी आणि मायकल हायडलबर्गर यांनी शोधून काढलं की प्रत्येक जंतूभोवती एक गुळगुळीत कवच असतं आणि ते साखरेच्या लांबलचक साखळ्यांचं असतं. प्रकार बदलला की साखर बदलते. तोवर सगळ्यांची समजूत होती की ओळख पटवणारी वस्तू म्हणजे प्रथिनच असणार. पुढे 1931 साली एव्हरी आणि वॉल्थर गोबेल यांनी ही साखर प्रथिनाला जोडून सशांना टोचली आणि सशांना संरक्षण मिळालं. आज लहान मुलांना देतात ती न्यूमोनियाची लस याच कल्पनेवर चालते. सीरमचीच ‘न्यूमोसिल’ घ्या, त्यात दहा प्रकारच्या कवचांची साखर प्रथिनाला जोडलेली असते.

एवढ्यावरही एव्हरींचं नाव राहिलं असतं. पण खरी गोष्ट वेगळ्याच ठिकाणी सुरू होत होती.

1928 साली लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ नावाच्या सरकारी डॉक्टरने एक विचित्र प्रयोग छापला. त्याने कवच हरवलेले, म्हणजे निरुपद्रवी झालेले जिवंत जंतू घेतले. दुसरीकडे कवचवाले घातक जंतू घेऊन ते उष्णतेने मारून टाकले. दोन्ही एकत्र करून उंदरांना टोचले. एकट्याने यातलं काहीच उंदराला मारत नव्हतं. एकत्र टोचल्यावर मात्र उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात सापडले जिवंत, कवचवाले जंतू. कवच कुठल्या प्रकाराचं? मेलेल्या जंतूंच्या! म्हणजे मेलेल्यांनी जिवंतांना आपली विद्या देऊन टाकली होती आणि ती पुढच्या पिढ्यांतही उतरत होती.

एव्हरींचा यावर विश्वासच बसला नाही. कसा बसणार? न्यूमोकॉकसचे प्रकार पक्के असतात, एकाचा दुसरा होत नाही, या भरवशावर त्यांचं तोवरचं सगळं काम उभं होतं. पण त्यांच्याच लॅबमधल्या मार्टिन डॉसनने प्रयोग करून पाहिला आणि ग्रिफिथ बरोबर निघाला. डॉसन आणि सिया यांनी उंदीर बाजूला ठेवून हेच काचेच्या नळीत करून दाखवलं. मग लायोनेल ॲलोवेने जंतू फोडले, द्रव गाळून घेतला आणि निव्वळ त्या द्रवाने काम होतं हे सिद्ध केलं. म्हणजे आता कोडं एवढंच उरलं होतं की त्या द्रवात असं आहे तरी काय.

एव्हरी या काळात थायरॉइडच्या आजाराने जेरीस आले होते. अंगकाठी आधीच किरकोळ, वजन पन्नास किलोच्याही आत, त्यात हा आजार. ऑपरेशन करावं लागलं. लग्न केलेलं नव्हतं. अल्फॉन्स डोशे या सहकाऱ्याबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायचे. सभा-परिषदांना जायचं नाही, प्रवास टाळायचा, पत्रांना उत्तरं द्यायची नाहीत. लॅबमध्ये नवा माणूस आला की मात्र त्याला समोर बसवून न्यूमोकॉकसवर रंगवून बोलायचे. कॉलेजातलं वक्तृत्व तिथे बाहेर पडायचं. ही भाषणं इतकी घोटलेली असायची की पोरांनी त्यांना ‘रेड सील रेकॉर्ड’ असं नाव ठेवलं होतं. त्या काळातल्या भारी ग्रामोफोन तबकड्यांचं ते नाव.

द्रवातली वस्तू शोधायचं काम आधी कॉलिन मॅक्लाउड यांनी हातात घेतलं. प्रयोग अतिशय लहरी होता. आज चालायचा, उद्या चालायचा नाही. सीरमची एक बाटली बदलली तरी निकाल बदलायचा. छापण्याजोगं काही हाती लागेना. मध्ये काही वर्षं काम जवळपास पडूनच राहिलं. 1940 मध्ये पुन्हा सुरुवात झाली आणि 1941 मध्ये मॅक्लिन मॅकार्टी हा तरुण डॉक्टर येऊन मिळाला.

आता अडचण होती मालाची. डीएनए असो वा प्रथिन, ती वस्तू जंतूंमध्ये असते अगदी चिमूटभर. ती शुद्ध करायची तर जंतू पिंपाने वाढवायला हवेत. या लोकांनी एका वेळी पन्नास-पंचाहत्तर लिटर जंतू वाढवायला सुरुवात केली. हे जंतू द्रवापासून वेगळे करायला वापरलं दुधातून साय वेगळी करणाऱ्या मशीनच्या जातीचं, गरागरा फिरणारं यंत्र. यंत्र चालायचं झकास, पण फिरताना जंतूंचा बारीक फवारा हवेत सोडायचं. आणि हे जंतू साधे नव्हते, माणूस मारणारे होते. शेवटी त्या यंत्राभोवती हवाबंद पेटी बांधून घेतली आणि काम संपल्यावर पेटीत वाफ सोडून सगळं निर्जंतुक झाल्याशिवाय ती उघडायची नाही असा नियम केला.

पंचाहत्तर लिटरमधून शेवटी हातात काय यायचं? दहा ते पंचवीस मिलिग्रॅम. चिमटीतल्या मिठापेक्षाही कमी. द्रवात अल्कोहोल ओतत काचेची कांडी फिरवली की पांढरे तंतू तयार व्हायचे आणि दोरा रिळाला गुंडाळावा तसे कांडीला गुंडाळले जायचे.

या तंतूंवर मग एकेक चाचणी झाली. प्रथिनं खाणारी एन्झाइम्स टाकली, ताकद कमी झाली नाही. आरएनए खाणारं टाकलं, काही फरक नाही. डीएनए तोडणारं एन्झाइम असलेला अर्क टाकल्याबरोबर सगळी ताकद गेली. साठ कोटी भागांत एक भाग एवढं पातळ करूनही ते तंतू बिनकवचाच्या जंतूला कवच देत होते. औषधांच्या चाचण्या करणाऱ्या आजच्या माणसाला ही पद्धत ओळखीची वाटेल: पातळ करत जा, कुठवर परिणाम दिसतो बघा, एकेक संशयित बाद करा.

मे 1943 मध्ये एव्हरींनी टेनेसीतल्या नॅशव्हिल गावी रॉयला एक लांबलचक पत्र लिहिलं. रॉय तिथे जंतूशास्त्र शिकवत होता. त्या पत्रात त्यांनी मनातलं सांगितलं की हा पदार्थ डीएनए असावा, आणि तसं असेल तर नुसत्या एका रसायनाने पेशीत कायमचे, पुढच्या पिढीत उतरणारे बदल घडवता येतील. हे जनुक असू शकेल, असंही त्यात होतं. आणि सोबत इशारा होता तो स्वतःलाच, की घाईने बोलून तोंडघशी पडायला नको.

1 फेब्रुवारी 1944 रोजी जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल मेडिसिनमध्ये एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांचा पेपर छापून आला. एव्हरी तेव्हा 66 वर्षांचे होते, कागदोपत्री निवृत्त झालेले. पत्रात भावाला जे मोकळेपणाने लिहिलं ते पेपरात मात्र फार जपून, अडखळत मांडलं होतं. जनुक हा शब्द ठासून वापरायचं त्यांनी टाळलं.

तेव्हाचा बहुतेकांचा समज असा होता की डीएनए म्हणजे चार तुकडे पुन्हा पुन्हा येणारी कंटाळवाणी साखळी, तिच्यात काय माहिती मावणार? हा समज ज्यांच्या नावावर होता ते फीबस लेव्हिन रॉकफेलरमधलेच. आणि सगळ्यात कडवा विरोध आला तोही त्याच आवारातून. आल्फ्रेड मर्स्की यांचं म्हणणं होतं की तुमच्या डीएनएत एक-दोन टक्के प्रथिन चिकटून राहिलेलं असू शकतं, खरं काम तेच करत असेल. शंका बिनबुडाची नव्हती. साठ कोटीत एक भाग पुरत असेल तर एक टक्का म्हणजे खूपच झाला. पुढे एव्हरींच्याच लॅबमधल्या रॉलिन हॉचकिस यांनी ते प्रथिन अगदी नगण्य पातळीवर आणून दाखवलं. इतकंच नाही, तर पेनिसिलिनला दाद न देण्याचा गुणही डीएनएतून दुसऱ्या जंतूत जातो हे सिद्ध केलं. पण तोवर वर्षं निघून गेली होती.

ज्यांना कळायचं त्यांना कळलं. अर्विन शारगाफ यांनी हा पेपर वाचून हातातली कामं बाजूला सारली आणि डीएनए हाती घेतला. त्यांच्या आकड्यांचा उपयोग 1953 साली वॉटसन आणि क्रिक यांना झाला.

1945 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने एव्हरींना कोपली पदक दिलं. ते घ्यायला गेले नाहीत. शेवटी सोसायटीचे अध्यक्ष सर हेन्री डेल पदक घेऊन स्वतः न्यूयॉर्कला आले. नोबेलसाठी मात्र वर्षानुवर्षं नाव जात राहिलं आणि मागे पडत राहिलं. स्वीडनमधल्या जाणकारांत आयनार हामरस्टेन यांचा शब्द वजनदार होता. त्यांना स्वतः डीएनएवर काम करूनही अनुवंशाचा पदार्थ प्रथिनच असणार असं वाटत होतं. समितीने थांबायचं ठरवलं. एव्हरींनी गाजावाजा केला असता, देशोदेशी जाऊन भाषणं दिली असती तर चित्र बदललं असतं का? कदाचित. पण असा माणूस मग त्या लहरी प्रयोगामागे दहा वर्षं बसला असता का, हाही प्रश्न आहेच.

आणखी एक गोष्ट. ज्या सीरमच्या इलाजासाठी एव्हरींनी हयात घातली, तो इलाज त्यांच्या डोळ्यांदेखत संपला. आधी सल्फाची औषधं आली, मग पेनिसिलिन. घोड्यांचं सीरम मागे पडलं.

1948 साली त्यांनी रॉकफेलर सोडलं आणि नॅशव्हिलला रॉयजवळ राहायला गेले. 20 फेब्रुवारी 1955 रोजी यकृताच्या कॅन्सरने त्यांचं निधन झालं. वय 77.

न्यूमोकॉकस बाहेरचा डीएनए आपणहून आत घेतो. माणसाची पेशी सहजी तसं करत नाही, तिला पटवावं लागतं. 1962 साली अमेरिकेत एलिझाबेथ आणि वाक्लाव शिबाल्स्की यांनी माणसाच्या पेशीत बाहेरून डीएनए घालून तिचा हरवलेला गुण परत आणला. 1973 साली नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये फ्रँक ग्रॅहम आणि ॲलेक्स व्हॅन डेर एब यांनी डीएनएला कॅल्शियम फॉस्फेटच्या बारीक कणांवर बसवून पेशीत ढकलायची सोपी युक्ती छापली. ग्रॅहम यांनी हीच युक्ती मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडातल्या पेशींवर वापरली. वहीत ते प्रयोगांना नंबर घालायचे. 293 नंबरच्या प्रयोगातून जी पेशी टिकून वाढत राहिली तिचं नाव पडलं एचईके 293. औषध शोधणाऱ्या लॅबमधल्या त्या मोठ्या भांड्यांत बहुतेक वेळा हीच असते.

या पेशींना पटवायला आता चरबीचे थेंब किंवा पीईआय नावाचं पॉलिमर वापरतात. एक लिटर पेशींना साधारण एक मिलिग्रॅम डीएनए लागतो. एव्हरींची पंचाहत्तर लिटरची एक खेप म्हणजे दहा ते पंचवीस लिटर पेशींची सोय. डीएनए शुद्ध नसला, पेशी थकलेल्या असल्या, मिसळायला दहा मिनिटं जास्त लागली, की आजही काम फसतं.

रॉकफेलरच्या आवारात एका फाटकाला एव्हरींचं नाव आहे. चंद्रावरच्या एका विवरालाही आहे.